डॉक्टरच नसलेला 'डॉक्टर हू'चा सिनेमा: 'डाउनटाइम' (१९९५) कुणी पाहिलाय का?

तिरपी रेघ

नमस्कार मंडळी. जुन्या धाग्यांवरून इथे 'डॉक्टर हू'चे बरेच भक्त दिसतात, म्हणून हा प्रपंच.

गेल्या आठवड्यात 'डाउनटाइम' पाहिला. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बीबीसीने डिसेंबर १९८९ मध्ये काळप्रवासी डॉक्टरची ही विज्ञानमालिका गुंडाळली, ती परत आली थेट मार्च २००५ मध्ये. मध्ये १९९६ चा एक टीव्ही सिनेमा, बाकी पडद्यावर दुष्काळ. या काळात काही चाहत्यांनी स्वतःच्या छोट्या कंपन्या काढून थेट व्हिडिओ कॅसेटवर सिनेमे आणले. त्यातल्या रीलटाइम पिक्चर्सचा हा १९९५ चा सिनेमा. बीबीसीची निर्मिती नाही. त्यात डॉक्टर नाही, त्याचं यान टार्डिस नाही, ते ओळखीचं शीर्षकसंगीतही नाही. पण डॉक्टरचे लष्करातले जुने मित्र ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट आहेत आणि ते निकोलस कोर्टनीच आहेत. डॉक्टरची एकेकाळची सहप्रवासी व्हिक्टोरिया आहे, डेबरा वॉटलिंगच. दुसरी सहप्रवासी सारा जेन म्हणजे एलिझाबेथ स्लेडनच. आणि यती आहेत!

कथा अशी: डॉक्टरने विसाव्या शतकात सोडून दिलेली व्हिक्टोरिया वडिलांच्या आवाजामागे तिबेटातल्या डेट-सेन मठात परत जाते. तो आवाज अर्थातच वडिलांचा नसतो. पुढे ती 'न्यू वर्ल्ड' नावाच्या विद्यापीठाची कुलगुरू होते. तिथली पोरं संगणकासमोर बसून हळूहळू मेंदू गहाण टाकतात, आणि पडद्याआडून सूत्रं हलवते ती जुनी अशरीरी शक्ती, 'ग्रेट इंटेलिजन्स'. तिला संगणकांच्या जाळ्यातून जगभर पसरायचंय.

सिनेमा म्हणून सांगायचं तर मध्यम. प्रकाशयोजना लग्नाच्या व्हिडिओसारखी, हाणामारी बघवत नाही. पण निवृत्त ब्रिगेडियर आणि त्यांची दुरावलेली मुलगी केट यांचे प्रसंग मला मूळ मालिकेतल्या कित्येक भागांपेक्षा आवडले. आपल्याला नातू आहे हेसुद्धा या माणसाला ठाऊक नसतं. मालिकेत ब्रिगेडियरना मूलबाळ असल्याचा कधी पत्ताच नव्हता. आणि २०१२ मध्ये हीच केट बीबीसीच्या मालिकेत आली (जेमा रेडग्रेव्ह) आणि तिथेच स्थिरावली.

तर माझे प्रश्न दोन. हे कायद्यात कसं बसलं? आणि पात्र पुढे मालिकेत आलंच आहे, तर 'डाउनटाइम'ची गोष्ट खरी धरायची की नाही?

चहाटळ चंदू

डॉक्टर नाही, टार्डिस नाही, संगीत नाही. म्हणजे वरणभातात वरण नाही, भात नाही, लिंबाची फोड मात्र आहे. चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वकीलीणबाई

पहिल्या प्रश्नाबद्दल टंकते.

बीबीसी त्या काळी बाहेरच्या लेखकांकडून पटकथा लिहून घ्यायची. अशा लेखकाने एखादं नवं पात्र किंवा राक्षस निर्माण केला तर त्यावरचा हक्क बऱ्याच अंशी त्याच्याकडेच राहायचा. डॉक्टर आणि टार्डिस बीबीसीचे. पण डॅलेक म्हटलं की टेरी नेशन, सॉन्टारन म्हटलं की रॉबर्ट होम्स, आणि यती, ग्रेट इंटेलिजन्स व लेथब्रिज-स्टुअर्ट म्हटलं की मर्विन हेझमन आणि हेन्री लिंकन ही जोडी. म्हणजे लेखकाशी रीतसर बोलणं करून त्याचं पात्र घेता येतं, फक्त डॉक्टरचं नावही काढायचं नाही. 'डाउनटाइम'मध्ये डॉक्टरचा उल्लेख कसा आडून आडून येतो ते पाहिलंत ना? ती लेखकाची लहर नाही, ते कुंपण आहे.

ही व्यवस्था बीबीसीला पुढे जडही गेली. २००५ ची मालिका तयार होत असताना, २००४ मध्ये, नेशन यांच्या वारसांशी बोलणी फिसकटली आणि डॅलेकशिवायच मालिका येणार अशी बातमी आली होती. नंतर जमलं.

तिरपी रेघ

वकीलीणबाई, दंडवत. आता कळलं, ब्रिगेडियर सारखे 'तो माझा जुना मित्र' छाप का बोलतात ते.

गोंधळी

सगळं मान्य. पण कायद्यात बसतं म्हणून चांगलं होतं का? मी हा सिनेमा अर्धा बघून सोडला. यती म्हणजे गोधडी पांघरलेला माणूस. विद्यापीठावर जगाचं संकट आलंय आणि विद्यार्थी मोजून डझनभर. चाहत्यांचं प्रेम वगैरे ठीक आहे, प्रेक्षकाने पैसे मोजून काय बघायचं?

निळी पेटी

गोंधळी, १९६७ च्या अस्सल बीबीसीच्या यतींबद्दल काय मत आहे तुमचं? ते तर इतके गुबगुबीत होते की पोरं घाबरायच्या ऐवजी जवळ घ्यायला बघतील. म्हणून तर पुढच्या वर्षी 'वेब ऑफ फिअर'साठी, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत घडणाऱ्या दुसऱ्या यतीकथेसाठी, त्यांचं रूप बदलावं लागलं. हिमालय म्हणून दाखवलाय तो वेल्समधला स्नोडोनियाचा डोंगर, आणि बर्फाचा पत्ता नाही! काटकसर ही या मालिकेची घरचीच परंपरा आहे.

रेघताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. यतींची तिसरी गोष्ट टीव्हीवर का आली नाही याची एक मजेशीर हकीकत आहे. हेझमन-लिंकन जोडीने १९६८ मध्ये 'द डॉमिनेटर्स' लिहिली. त्यात क्वार्क नावाचे बुटके यंत्रमानव होते. डॅलेकसारखी यांचीही खेळणी विकली जातील असा सगळ्यांचा होरा. त्या हक्कांवरून आणि पटकथेच्या कापाकापीवरून बीबीसीशी भांडण जुंपलं. लेखकांनी आपली नावं काढून घेतली, म्हणून पडद्यावर 'नॉर्मन ॲशबी' असं टोपणनाव आहे. जोडी गेली ती कायमची, आणि यतीही त्यांच्याबरोबर गेले. म्हणजे 'डाउनटाइम' ही खरं तर पंचवीसएक वर्षं अडकून पडलेली तिसरी यतीकथा. ती बीबीसी करू शकली नाही, एका छोट्या कंपनीने केली.

पानसुपारी

हा हेन्री लिंकन म्हणजे येशूच्या वंशजांच्या गुपितावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या तिघांपैकी एक तोच का? ज्या पुस्तकावरून डॅन ब्राउनच्या प्रकाशकाला लंडनच्या कोर्टात खेचलं होतं?

निळी पेटी

तोच. पण कोर्टात गेले ते बाकीचे दोघे लेखक, २००६ मध्ये. लिंकन त्या भानगडीत पडला नाही. आणि ते दोघे हरले.

चहाटळ चंदू

क्वार्कवरून तोंड पोळलं होतं ना, म्हणून दुसऱ्या वेळी ताक फुंकून प्यायला.

नॉरिचकर

मी नावाप्रमाणेच नॉरिचला असतो, नोकरीनिमित्त. 'डाउनटाइम'चं 'न्यू वर्ल्ड' विद्यापीठ म्हणजे इथलं ईस्ट अँग्लिया विद्यापीठ. डेनिस लॅस्डन या वास्तुकाराने साठच्या दशकात आखलेला परिसर आहे. पायऱ्यापायऱ्यांची वसतिगृहं, जमिनीपासून उंचावरून जाणारे काँक्रीटचे रस्ते. नोव्हेंबरच्या धुक्यात संध्याकाळी चारला अंधार पडला की तिथून चालताना परग्रहावर आल्यासारखं वाटतं, त्यासाठी वेगळा सेट लावायची गरजच नाही. मला वाटतं, दिग्दर्शकाने केलेलं सगळ्यात शहाणं काम म्हणजे ही जागा. अख्ख्या सिनेमात पैसा दिसतो तो फक्त तिथे, आणि तो पैसा सिनेमाचा नाहीच.

आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांना मी मोठ्या उत्साहाने जागा दाखवायला नेलं. ते म्हणाले, "आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची बिल्डिंग अशीच होती, तिचं कुणी शूटिंग केलं नाही."

रुणझुण

नॉरिचकर, पाहुणे नागपूरचे का? :)

निळी पेटी

दिग्दर्शकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हे काम कुणा हौशी पोराने केलेलं नाही. ख्रिस्तोफर बॅरी, म्हणजे १९६३-६४ च्या पहिल्या डॅलेककथेचे भाग ज्यांनी दिग्दर्शित केले तेच. निवृत्तीनंतर परत आले होते. लेखक मार्क प्लॅटने मूळ मालिकेच्या शेवटच्या हंगामात 'घोस्ट लाइट' लिहिली होती. प्रोफेसर ट्रॅव्हर्स झालेत ते जॅक वॉटलिंग, व्हिक्टोरिया साकारणाऱ्या डेबराचे खरे वडील, आणि १९६७-६८ मध्येही तेच ट्रॅव्हर्स होते. विद्यापीठाच्या रेडिओवर बडबडणारा अँथनी हा जॉन लीसन, म्हणजे मालिकेतल्या के-नाइन या यंत्रकुत्र्याचा आवाज. तेव्हा याला 'हौशी' म्हणताना जरा जपून. माणसं व्यावसायिक, वेळ आणि पैसा मात्र हौशी.

कासवछाप

पहिली डॅलेककथा बॅरींची, पण 'डॉक्टर हू'ची अगदी पहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा. अवांतर आहे, पण इतक्या जणांना माहीत नसतं की मी प्रत्येक धाग्यावर सांगत सुटतो.

रुणझुण

सांगता खरे. पाठ झालंय आता सगळ्यांना.

मोसमकाठी

मी विज्ञानकथा फारशा बघत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही मालेगावचे. तुमच्या त्या 'डाउनटाइम'वाल्यांनी १९९५ मध्ये जे केलं ते आमच्याकडे नासिर शेख आणि त्यांच्या मित्रमंडळींनी २००० साली 'मालेगाव के शोले' करून दाखवलं. यंत्रमागावर पाळी करणारी माणसं शुक्रवारच्या सुट्टीला शूटिंगला हजर. क्रेन नाही तर बैलगाडी. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढला, त्या शूटिंगवर फैजा अहमद खान यांचा माहितीपट आहे, जरूर बघा. सुपरमॅन झालेला शफीक स्वतः यंत्रमाग कामगार, अंगाने काडीपैलवान. सिनेमा पडद्यावर यायच्या सुमारास तो गंभीर आजारी होता, आणि गेला.

सांगायचा मुद्दा असा की आमच्या लोकांनी कुणाकडून हक्क घेतले नव्हते. अमेरिकेतल्या कंपनीला मालेगाव कुठे आहे हे तरी ठाऊक होतं का? पण त्यात चोरी केल्याची भावना कुणाच्याच मनात नव्हती. आपल्या गावाने आपल्या बोलीत, आपल्या चेहऱ्यांनी तीच गोष्ट सांगितली. सुपरमॅन तंबाखूविरुद्ध लढतो, बोला!

वकीलीणबाई

मोसमकाठी, माहितीपट पाहिलाय. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा माझाच जीव वरखाली झाला होता.

पण दोन्ही एकाच पारड्यात घालू नका. मालेगावचं विडंबन आहे, आणि ते गावापुरतं होतं म्हणून कुणी बोललं नाही. 'डाउनटाइम' विडंबन नाही, ती त्याच गोष्टीची पुढची कडी आहे, आणि हक्कदार लेखकांना विचारून केलेली. कायद्याने 'डाउनटाइम' भक्कम. आपल्याकडे असं करणं लेखकाला मुळात अवघडच, कारण सिनेमा-मालिकांसाठी लिहिलेल्यावरचे हक्क वर्षानुवर्षं निर्मात्याकडे जात आले. १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये सुधारणा झाली तेव्हा कुठे लेखक-गीतकारांना रॉयल्टीत न सोडता येणारा वाटा मिळाला. वाटा मिळाला, पात्र नाही.

मोसमकाठी

कायद्याने तुम्ही बरोबरच असणार ताई. मी हिमतीबद्दल बोलत होतो.

गोंधळी

हिंमत म्हणाल तर मालेगावला माझाही सलाम. कारण त्यांनी आपलं काहीतरी केलं. 'डाउनटाइम'वाल्यांनी काय केलं? जुने नट गोळा केले, जुना राक्षस गोळा केला, आणि आठवणींवर गल्ला जमवला. हाच तर आजकाल सगळ्या मोठ्या स्टुडिओंचा धंदा आहे. यांचं लहान म्हणून गोड मानायचं का?

नॉरिचकर

गल्ला?? व्हीएचएस कॅसेट, तीही चाहत्यांच्या वर्तुळात विकलेली. गल्ला जमवणाऱ्यांची घरं तुम्ही बघितलेली दिसत नाहीत.

सोनटक्का

गोंधळींचा मुद्दा अगदीच सोडून देऊ नका. त्या काळातला याच जातीचा 'शेकडाउन' (सॉन्टारनवाला) घ्या. लेखक टेरन्स डिक्स, म्हणजे मालिकेचे जुने पटकथा-संपादक. नट 'ब्लेक्स सेव्हन' (बीबीसीची दुसरी विज्ञानमालिका) आणि 'डॉक्टर हू' दोन्हीकडून आणलेले. आणि अवकाशयानाचं आतलं चित्रीकरण कुठे, तर थेम्सवरच्या एचएमएस बेलफास्ट या युद्धनौकेवर, जी १९७१ पासून संग्रहालय आहे. लोखंडी शिड्या, पाइप, अरुंद बोळ, सगळं तयार. मी मुलांना घेऊन ती नौका बघायला गेलो होतो. मुलं तोफा बघत होती आणि मी इंजिनखोलीत "इथून सॉन्टारन आला असेल" करत होतो. मार्गदर्शक आजोबा माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

तर मुद्दा: 'शेकडाउन' 'डाउनटाइम'पेक्षा देखणा आहे, वेगवान आहे, आणि आज मला त्यातलं एकही पात्र आठवत नाही. सॉन्टारन आठवतात, नौका आठवते. 'डाउनटाइम'मध्ये हाणामारी भिकार, पण केट आणि तिचा बाप लक्षात राहतात. म्हणजे नुसत्या आठवणी गोळा केल्या असत्या तर 'शेकडाउन' झाला असता. केट हे नवं आहे. ते यांनी स्वतःच्या खिशातून घातलंय.

तिरपी रेघ

सोनटक्का, नेमकं हेच मला सांगायचं होतं. माणूस गणवेशात असेपर्यंत सगळे सलाम ठोकतात. इथे तो शाळेत शिकवणारा, निवृत्तीला टेकलेला म्हातारा आहे, आणि मुलगी होडीतल्या घरात राहते, त्याला कळवतही नाही. पात्राला असं घर देणं मालिकेला पंचवीस मिनिटांच्या भागांत जमलं नसतं, आणि गरजही नव्हती. पैसे नसल्यामुळे माणसं बोलत बसतात, आणि ते बोलणंच चांगलं झालंय.

गोंधळी

केटचे प्रसंग अर्ध्यानंतर आहेत का? मी अर्ध्यावर सोडलेला.

चहाटळ चंदू

=)) =)) गोंधळी, हे आधी सांगायचं ना!

निळी पेटी

काही प्रसंग आधीही आहेत हो, झोप लागली असेल.

एक संदर्भ द्यायला हवा. आज आपण १९६८ ची 'वेब ऑफ फिअर' जवळजवळ पूर्ण बघू शकतो, कारण २०१३ मध्ये नायजेरियात हरवलेले भाग सापडल्याचं जाहीर झालं. १९९५ मध्ये परिस्थिती काय होती? यतींच्या दोन कथांचे मिळून बारा भाग, त्यातले पाहायला उपलब्ध दोन. एका कथेचा दुसरा भाग, दुसरीचा पहिला. बाकी बीबीसीने पुसून टाकलेले. म्हणजे बहुतेक तरुण चाहत्यांनी यती नीट चालताना पाहिलाच नव्हता. त्यांच्यासाठी 'डाउनटाइम' ही आठवण नव्हतीच, पहिली भेट होती. गंमत म्हणजे 'वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग अजूनही हरवलेला आहे, आणि कोर्टनीचा लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा नीट समोर येतो तो त्याच भागात.

त्याहून गंमत: कोर्टनीला ही भूमिका मिळायचीच नव्हती. त्याला कॅप्टन नाइटसाठी घेतलं होतं. लेथब्रिज-स्टुअर्ट (तेव्हा कर्नल) व्हायचा नट ऐनवेळी दुसरीकडे गेला आणि याला बढती मिळाली. कॅप्टन नाइट त्याच कथेत मरतो!

रुणझुण

बापरे. म्हणजे तो दुसरा नट गेला नसता तर ब्रिगेडियर नाही, केट नाही, आणि हा धागाही नाही.

डोंगरवेडा

अवांतर: यती यंत्रमानव कसा काय? मी अन्नपूर्णा बाजूला ट्रेकला गेलो होतो, तिथल्या वाटाड्यांच्या गोष्टींतला यती चांगला हाडामांसाचा आणि भारी वासाचा होता.

निळी पेटी

मालिकेत खरे यती वेगळे, लाजाळू. गडबड करणारे ते यांत्रिक, छातीत चेंडूएवढा गोळा बसवलेले. गोळा काढला की यती बंद.

चहाटळ चंदू

आमच्या सोसायटीच्या लिफ्टचंही असंच काहीतरी आहे.

डोंगरवेडा

आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत हिममानव कशाला?

निळी पेटी

त्याचं उत्तर तिसरा डॉक्टर साकारणाऱ्या जॉन पर्टवीने कायम दिलंय. त्याचं म्हणणं, हिमालयात यती दिसला तर त्यात भीती कसली? लंडनमधल्या टूटिंग बेकला घरी आलात आणि संडासात यती बसलेला दिसला, तर खरी भीती.

अक्षांश

उशिरा येतोय. दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' बघून वाढलेल्या पिढीतला आहे, म्हणून त्या बाजूचं सांगतो, कारण तुलना केल्याशिवाय 'डाउनटाइम'वाल्यांचं नशीब कळणार नाही.

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनीही असे सिनेमे भरपूर केले आणि हक्कदार कंपन्या बराच काळ डोळेझाक करत राहिल्या. मग २०१४ मध्ये 'प्रील्यूड टू ॲक्सनार' आला. एकवीस मिनिटांचा, दिसायला थेट स्टुडिओच्या तोडीचा. त्याच्या जोरावर पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी लोकवर्गणी काढली, ती दहा लाख डॉलरच्या वर गेली. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएसने दावा ठोकला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी उचित वापराचा बचाव फेटाळला आणि मग तडजोड झाली. दरम्यान जून २०१६ मध्ये कंपन्यांनी चाहत्यांसाठी नियमावली काढली. गोष्ट पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत तीस. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. कुणाला मानधन नाही. आणि एक नियम वाचून मला हा धागा आठवलाच असता: मूळ मालिकांमध्ये काम केलेलं कुणीही यात घ्यायचं नाही.

हा नियम १९९५ च्या इंग्लंडमध्ये असता तर? कोर्टनी बाद, वॉटलिंग बापलेक बाद, स्लेडन बाद, दिग्दर्शक बाद, लेखकही बाद. उरले यतीच्या कातड्यातले लोक.

वकीलीणबाई

सुरेख तुलना. फरक इतकाच की 'स्टार ट्रेक'मध्ये सगळी मालकी एका छताखाली आहे. वाटेत एखादा लेखक भेटतच नाही, ज्याच्याकडे जाऊन "काका, तुमचा राक्षस वापरू का" असं विचारता येईल.

गोंधळी

मग कंपनीने करायचं काय? उद्या कुणीही दहा लाख डॉलर गोळा करून तुमच्या मालावर सिनेमा काढेल, त्याच पैशातून स्वतःचा स्टुडिओ उभारेल, आणि म्हणेल मी चाहता आहे. मला तर दावा रास्त वाटला. मूळ नटांना बंदी हा अतिरेक, तेवढं मान्य.

अक्षांश

दावा रास्तच होता. शिक्षा मात्र ज्यांनी काही केलं नव्हतं त्या सगळ्यांना झाली.

सोनटक्का

आणि दुष्काळातल्या या छोट्या कंपन्यांनी पुढच्या मालिकेला माणसंही पुरवली, हे विसरू नका. बीबीव्ही नावाच्या दुसऱ्या कंपनीने लिझ शॉ या पात्रावर 'प्रोब' ही व्हिडिओमालिका काढली, तिचा लेखक मार्क गॅटिस. त्याने पुढे 'डॉक्टर हू' लिहिली आणि 'शेरलॉक'चा सहनिर्माता झाला. त्याच कंपनीसाठी 'ऑटॉन' (१९९७) लिहून दिग्दर्शित करणारा निकोलस ब्रिग्ज २००५ पासून डॅलेकचा आवाज आहे. तालीम इथेच झाली सगळ्यांची.

रुणझुण

मूळ प्रश्न राहिलाच की. रेघताईंनी विचारलंय, गोष्ट खरी धरायची की नाही.

कासवछाप

बीबीसीने काय खरं आणि काय खोटं याची यादी कधीच काढलेली नाही. त्यामुळे ज्याने त्याने ठरवायचं.

निळी पेटी

माझ्यापुरतं सांगतो. २०१२ मध्ये लेखक ख्रिस चिबनॉलने 'पॉवर ऑफ थ्री' या भागात केट आणली तेव्हा तिचं आडनाव नुसतं 'स्टुअर्ट' ठेवलं. वडिलांच्या नावाचा फायदा नको म्हणून 'लेथब्रिज' गाळलं, असं ती सांगते. हे 'डाउनटाइम'मधल्या केटला तंतोतंत शोभतं, बापाच्या सावलीपासून लांब राहणारी. पण बाकी काही जुळत नाही. १९९५ ची केट होडीत राहणारी, सैन्याशी घेणंदेणं नसलेली, अंगठ्याएवढ्या यतीच्या मूर्तीलाही घाबरणारी. २०१२ ची केट यूनिटची, म्हणजे बापाच्याच जुन्या लष्करी दलाची, प्रमुख. शिवाय ग्रेट इंटेलिजन्सही २०१२ च्या नाताळच्या भागात परत आलं आणि तिथे डॉक्टरला ते आधी भेटल्याचं धड आठवतही नाही. तेव्हा मी केटचं बालपण आणि दुरावा खरा धरतो, विद्यापीठ आणि यती वगळतो.

वकीलीणबाई

हे सोयीचं आहे. साक्षीदार घ्यायचा, साक्ष टाकून द्यायची.

निळी पेटी

चाहते दुसरं करतात काय?

तिरपी रेघ

मी सगळंच खरं धरणार आहे, यतीसकट. संगणकाच्या जाळ्यातून पसरून पोरांचा मेंदू ताब्यात घेणारी शक्ती १९९५ मध्ये ज्याला सुचली त्याला मी खोटं कसं म्हणू? आमच्या घरात दोन 'चिली' (सिनेमात त्या संगणकवेड्या विद्यार्थ्यांना हेच म्हणतात) आहेत, जेवायला हाका मारून घसा बसतो.

गोंधळी

ठीक आहे, उरलेला अर्धा बघतो या रविवारी. मिळतो कुठे? मी पाहिलेली प्रत मित्राची होती.

सोनटक्का

डीव्हीडी निघाली आहे. मार्क प्लॅटने यावरच कादंबरीही लिहिली, जानेवारी १९९६, व्हर्जिनची. कादंबरीत व्हिक्टोरियाची मधली वर्षं सविस्तर आहेत, सिनेमात जी दोन प्रसंगांत उरकलीत. वेळ एकाच गोष्टीला असेल तर कादंबरी वाचा.

गोंधळी

कादंबरीत यती कसे आहेत?

सोनटक्का

कादंबरीत गोधडी दिसत नाही.

मोसमकाठी

मंडळी, त्या सॉन्टारनचं डोकं उकडलेल्या बटाट्यासारखं असतं का? आत्ता फोटो शोधला. आमच्याकडचा मेकअपवाला हे दोन दिवसात करून देईल, सांगा हक्क कुणाकडे मागायचे.

वकीलीणबाई

होम्स यांच्या वारसांकडे. व्यक्तिगत निरोप करा, मसुदा मी लिहून देते.